तीन नेलगनांची पारख

२२ जानेवारी, रविवार

आज उपासनेनंतरच्या कॉफीच्या वेळी सुलो कार्वोनेन याने भरल्या टेबलासमोर जी हकीकत सांगितली, तीत रबरी नळीचा उल्लेख वगळता एकही विधान खरे नव्हते. सुलो अडतीस वर्षांपासूनचा माझा सुतारकामातील भागीदार आणि माझ्या धाकट्या बहिणीचा, हिल्माचा, नवरा आहे. त्याला खोटारडा म्हणण्याचा प्रश्नच येत नाही. परंतु हकीकत सांगणाऱ्याने निदान कर्ता तरी योग्य निवडावा.

त्याने सांगितले ते असे: "नाताळच्या आधी पाद्रीबुवांच्या घरी जिन्याला पट्टी मारत होतो. आमचा वैनो कॉम्प्रेसरच्या नळीत पाय अडकून असा काही आडवा झाला, की म्हटलं, आता याला खिळे मारूनच भिंतीला उभा करावा लागणार!" सगळे हसले.

वस्तुस्थिती पुढीलप्रमाणे आहे. घटना नाताळच्या आधीची नव्हे. ती १२ जानेवारीची, गुरुवारची. स्थळ पाद्रीबुवांचे घर नव्हे. तेथील काम आम्ही अकरा वर्षांपूर्वी संपवले. स्थळ कालव्याकाठचे श्रीमती किर्स्टी आलान्को यांचे नवे घर. तेथे आम्ही सध्या दारे, खिडक्यांभोवतीच्या पट्ट्या, स्कर्टिंग आणि तळघरातील सौना, म्हणजे वाफेच्या स्नानाची लाकडी खोली, करीत आहोत. आणि पडला तो मी, वैनो मात्तिला, नव्हे; पडला सुलो. मी शिडीवर होतो व मी ते पाहिले. खिळ्यांच्या गनला हवा पुरवणारी ती नळी त्याने स्वतःच अंथरली होती आणि तिच्यावरूनच तो चालत आला.

दुरुस्ती करण्यासाठी मी कप खाली ठेवला, तोच हिल्माने टेबलाखालून माझे मनगट दाबले. "दादा, राहू दे." मला आश्चर्य वाटले. लहानपणी हीच मुलगी माझ्या बेरजा तपासत असे. चारचौघांत नवऱ्याची शोभा होऊ नये, एवढाच तिचा संकोच असावा.

नंतर त्यांच्या स्वयंपाकघरात आम्हा तिघांचा ठराव झाला. मांडला हिल्माने. "नळी बंद, कॉम्प्रेसर बंद. हाडं मोडायचं वय झालं तुमचं. बॅटरीवरची खिळे मारायची गन बघा. दोघांच्या हाताला बसेल अशी मिळाली, तर करा काम पुढं. नाही मिळाली, तर ईस्टरला दुकानाला कुलूप. आणि पसंत-नापसंत दादानं ठरवायची."

"म्हणजे आपण गेलोच," सुलो म्हणाला. "याला देवाची प्रार्थनासुद्धा दुरुस्त केल्याशिवाय पसंत पडत नाही."

अंतिम निर्णय माझ्याकडे असणे मला न्याय्य वाटले. येथे स्पष्ट लिहून ठेवतो की मला कुलूप लावायचे नाही. दार एकट्याने टांगता येते; नीट टांगता येत नाही. शिवाय माझ्या पत्नीला, मार्थाला, जाऊन सहा वर्षे झाली, आणि सुलोखेरीज दिवसभर माझ्याशी बोलणारे कोणी नाही.

२६ जानेवारी, गुरुवार

बोसांकोच्या हत्यारांच्या दुकानात गेलो. जोरी बोसांको कॉर्निश, म्हणजे इंग्रज खाणकामगारांच्या वंशातला आहे; आम्ही फिनिश. त्याचे आणि आमचे आजोबा परदेशातून येऊन इथल्या एकाच तांब्याच्या खाणीत उतरत, आणि एकमेकांना जे टोमणे मारत तेच आम्ही जपून वापरतो.

"या, या म्हातारबुवा! फिनलंडवाल्यांनी वीज मान्य केली म्हणायची शेवटी!"

"खाणीत तुमच्या आजोबांचा कंदील आमच्या आजोबांनी धरला होता," मी म्हणालो.

"धरला होता ना. उलटा."

सुलो खो खो हसला. बोसांकोने आमच्यापुढे तीन नेलगन मांडल्या आणि महिनाभर वापरून पाहण्यास दिल्या. उत्पादकांची नावे मी येथे लिहीत नाही. त्यांना ‘क’, ‘ख’ आणि ‘ग’ म्हणतो.

क ही चक्राची. चाप ओढला की आतली मोटर आधी फिरू लागते आणि मग खिळा सुटतो. वजनाने हलकी. ख हिच्यात कोंडलेला वायू असतो. बॅटरी तो दाबते आणि चाप ओढताक्षणी तो दट्ट्या ढकलतो. बॅटरीसह सात पौंडांच्या वर. ग ही जुन्या पद्धतीची: छोटी बॅटरी ठिणगीपुरती, बाकी काम गॅसच्या नळकांडीचे. वास येतो.

तिन्हींच्या मार्गदर्शक पुस्तिका वाचल्या. ‘क’च्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर कर्ता एकवचनी आणि क्रियापद अनेकवचनी आहे. मी पेन्सिलीने सुधारले. ज्यांना वाक्य जोडता येत नाही त्यांनी लाकूड जोडण्याचे यंत्र कसे केले असेल, अशी शंका आली. परंतु हा पूर्वग्रह आहे, आणि पारख हत्याराची करायची आहे.

३१ जानेवारी, मंगळवार

आमच्या दुकानात चाचणी. मऊ पाइन, मेपल आणि दाबलेल्या भुशाची पट्टी अशा तिन्ही प्रकारांवर खिळे मारून पाहिले.

‘क’मध्ये चाप ओढणे आणि खिळा सुटणे यांत क्षणभराचे अंतर राहते. नळीच्या गनवर आयुष्य गेलेल्या माणसाचा हात तेवढ्यात सैल पडतो, आणि खिळ्याचे डोके लाकडाबाहेर उभे राहते. माझे दोन राहिले. सुलोचे पुष्कळ राहिले. शिवाय त्याने एके ठिकाणी खिळ्यावरच खिळा मारला. दोष अंतराचा, असे नोंदवले.

‘ख’चा धक्का मनगटात जाणवतो; मात्र मेपलमध्येही डोके बरोबर पाव सूत खाली गेले. खोलीचे चाक फिरवले की खोली तेवढीच बदलते, जास्त नाही. हे मला आवडले.

खिळा दगा देतो तो गनमुळे नव्हे, लाकडाच्या रेषांमुळे. बारीक खिळ्याचे टोक पटाशीसारखे असते. रेषा वाकडी भेटली की ते वळते आणि पट्टीच्या कडेतून बाहेर येते. म्हणून खिळ्याच्या लांबीइतके बोट दूर ठेवावे. हा नियम मला सुलोनेच शिकवला, आणि आज त्याचेच बोट दोनदा जवळ होते. मी ओरडलो. "अरे, माझंच बोट आहे, तुझं नाही," तो म्हणाला.

ख हातात दिली तेव्हा त्याने तिला उलटसुलट करून विचारले, "याला नळी कुठं लावायची?" मी हसलो. दुपारच्या जेवणानंतर त्याने तोच विनोद पुन्हा केला, आणि निघताना पुन्हा. विनोदाची धार वापराने जाते, हे त्याला सांगायला हवे.

६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी उणे एकोणीस. श्रीमती आलान्को यांच्याकडे ‘ग’ने काम सुरू केले. ठिणगी पडली, खिळा सुटला नाही. नळकांडी कोटाच्या आत ऊब देऊन पाहिली. चार खिळे सुटले, मग पुन्हा संप. या प्रदेशात जे हत्यार मे महिन्याची वाट पाहते ते आमच्या उपयोगाचे नाही. ग बाद.

मग ख काढली, तर बॅटरी रिकामी. सुलो म्हणाला, "रात्री मीच चार्जरला लावली होती." तसे असेल तर एका रात्रीच्या थंडीत बॅटरी पूर्ण उतरते, आणि हा गंभीर दोष आहे. मागच्या आठवड्यातही एकदा असेच झाले होते. बोसांकोकडून बॅटरी बदलून आणली. तो बडबडला: "माझ्या चाचणीत तर दोन दिवस टिकते." मी म्हणालो, "तुझी चाचणी शेगडीपाशी होते."

कॉफीला श्रीमती आलान्को यांनी वेलदोड्याचा नीसू पाव दिला. चांगला होता, किंचित कोरडा. बाई डेट्रॉइटमध्ये तीस वर्षे परिचारिका होत्या, आता गावी परतल्या आहेत. प्रश्न फार विचारतात.

"सुलो, आज तारीख काय हो?"

"का? कुणाचा वाढदिवस आहे?"

"महिना तरी सांगा."

"बाई, खिडकीबाहेर बघा. अर्ध्या भिंतीला बर्फ टेकलाय. इथं ऑक्टोबर ते मे एकच महिना असतो. तुम्ही डेट्रॉइटला राहून विसरलात."

मी मनापासून हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली आणि माझ्याकडे पाहिले. रुग्णालयात आयुष्य घालवलेल्या माणसांना विनोद उशिरा कळतो, असे दिसते.

१५ फेब्रुवारी, बुधवार

‘क’विषयी अंतिम मत: खिडकीच्या पट्ट्यांसारख्या हलक्या कामाला ठीक, परंतु त्या अंतराची सवय होता होत नाही. बाद.

उरली ख. जड आहे हे खरे. शिडीवर हात वर करून छताजवळची पट्टी मारताना खांदा बोलू लागतो. परंतु नळीचे ओझे वेगळे मोजले पाहिजे: नळी जिन्यावर ओढा, दारातून फिरवा, रंगवलेल्या भिंतीला घासली म्हणून पुसा, कॉम्प्रेसर धडधडू लागला की बोलणे थांबवा. आज आम्ही वरच्या तीन खोल्यांचे स्कर्टिंग लावले आणि दिवसभर एकही वाक्य अर्धवट राहिले नाही. अडतीस वर्षांत प्रथमच सुलो काम करताना काय गुणगुणतो ते मला कळले. ते भजन आहे, आणि शब्द चुकीचे आहेत.

आतल्या कोपऱ्यांचे जोड त्याने कापले. दोन पट्ट्यांपैकी एक भिंतीला भिडवायची आणि दुसरीचे तोंड पहिलीच्या नक्षीबरहुकूम कोरायचे. तो बारीक करवतीने मोजमाप न घेता कोरतो. जोडात कागदही जाईना. मी शोधूनही दोष सापडला नाही.

दुपारी तो नवी बॅटरी आणायला गाडीकडे गेला, तो बराच वेळ आला नाही. बाहेर जाऊन पाहिले, तर रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन घरांकडे आळीपाळीने पाहत होता. शेजारचे घर त्याच बांधकामदाराचे आहे आणि रंगही तोच. चूक स्वाभाविक आहे.

संध्याकाळी मी सांगितले की ख घ्यावी असे माझे मत होत आहे. त्याने गन पेटीत ठेवली. मग म्हणाला, "मला नळीच बरी वाटते."

"का? कारण सांग."

"नळी धरून मागं मागं गेलं की माणूस जिथून निघाला तिथं पोचतो."

"कॉम्प्रेसरपाशी?"

"हां. कॉम्प्रेसरपाशी."

हा युक्तिवाद तांत्रिक स्वरूपाचा नसल्यामुळे तुलनेत धरलेला नाही.

२७ फेब्रुवारी, सोमवार

सौनाच्या भिंती पूर्ण झाल्या. सीडरच्या लाकडाच्या फळ्या एकमेकींच्या खाचेत बसवल्या आणि खिळा प्रत्येक वेळी खाचेत शिरणाऱ्या काठात लपवला. ‘ख’चे नाक खाचेत नीट शिरते आणि लाकडावर ओरखडा उठत नाही. सुलोने दक्षिणेची भिंत केली. एकही डोके दिसत नाही.

आता बाक. ही ‘ख’ची खरी परीक्षा. सौनाच्या बाकाला वरून खिळा मारायचा नसतो, हे आमच्याकडे चालू लागलेल्या पोरालाही ठाऊक असते, कारण उघडे बसल्यावर खिळ्याचे तापलेले डोके जिथे टेकते तिथे डाग देते. म्हणून बाकाखाली उताणे पडायचे, आडव्या पट्टीतून खालून तिरपे खिळे मारून फळ्या जागेवर धरायच्या आणि मग खालूनच स्क्रू पिळायचे. नळीच्या गनने हे काम करताना नळी नेमकी गळ्याशी येते. ख छातीवर ठेवून काम करता आले, तर माझा निर्णय पक्का.

मी बाकाखाली मावत नाही. सुलो अजून मावतो. बाक त्याच्याकडे दिले, आणि मी वरच्या मजल्यावरची दारे घेतली. हिल्माला फोनवर सांगितले की बहुतेक गन मिळाली. ती दोनदा म्हणाली, "पसंत? तुला?" मला वाटले फोन नीट लागला नाही.

४ मार्च, शनिवार

दारे टांगून झाली. बाकही झाले. सुलो वर येऊन म्हणाला, "बस, झालं. ख काय घोडा आहे!" मी खाली जाऊन पाहणार होतो, परंतु बोसांकोला निकाल कळवायचा होता आणि त्याचे दुकान बंद होण्याची वेळ झाली होती. बोसांको जागेवर नव्हता. त्याच्या बायकोपाशी निरोप ठेवला: ख आम्ही ठेवून घेत आहोत.

११ मार्च, शनिवार

आज सौना प्रथम तापवला. आमच्याकडे ज्याने बांधला त्याने आधी बसायचे, मग मालकाने. श्रीमती आलान्को वर पोळ्यांइतक्या पातळ पॅनकेकांच्या तयारीत होत्या. मी आणि सुलो टॉवेल खांद्यावर टाकून आत गेलो. दगड उत्तम तापले होते; पाणी टाकताच वाफ भिंतीवरून सरकत आली, तिला सीडरचा वास होता. मी वरच्या बाकावर बसलो.

त्यानंतर मी जो शब्द उच्चारला तो येथे लिहिणे मला योग्य वाटत नाही.

सुलोही बसला आणि तसाच उठला. "आई गं! बाकात इंगळी आहे काय!"

मी बादलीभर पाणी बाकावर ओतले आणि वाकून पाहिले. प्रत्येक फळीवर दोन्ही टोकांना खिळ्यांची डोकी होती. वरून मारलेली. सर्व एकाच रेषेत, समान अंतरावर, फळीशी अगदी समतल. इतकी सरळ रांग मी कोणत्याही कामावर पाहिली नाही.

"तू वरून मारलेस?" मी विचारले.

"वरूनच तर मारतात."

"सौनाच्या बाकाला?"

तो माझ्याकडे पाहू लागला. मला वाटले, आता हसेल. तो हसला नाही. त्याने टॉवेल घट्ट गुंडाळला आणि हळूच विचारले, "मग कसे मारतात, वैनो?"

सुलोचा जन्म सौनात झाला. ही म्हण नव्हे. त्याच्या आईने त्याला बर्फाच्या वादळात खरोखर सौनात जन्म दिला.

‘ख’चा दोष नाही. ‘क’चाही नव्हता. बॅटरीचाही नव्हता.

श्रीमती आलान्को यांनी मलम आणले. मी नको म्हणालो. त्या म्हणाल्या, "मात्तिला, तीस वर्षं मी दुसरं काही पाहिलेलं नाही. पालथे व्हा." मलम लावता लावता त्यांनी सांगितले, "सुलोच्या विसरण्याबद्दल मी जानेवारीतच तुमच्या बहिणीशी बोलले. तिला माझ्याआधीपासून माहीत आहे. तिनं मला शपथ घातली होती, म्हणून तुम्हाला बोलले नाही."

सुलो वर पॅनकेक खात होता आणि गुणगुणत होता.

१२ मार्च, रविवार

घड्याळे एक तास पुढे करायचा दिवस. उपासनेला गेलो नाही. बसणे शक्य नव्हते. दुपारी हिल्मा आली. मी उभा, ती खुर्चीवर.

"मला का सांगितलं नाहीस?"

"तुला?" ती म्हणाली. "दादा, तू पाद्रीबुवांच्या छापील प्रार्थनेत लाल खुणा करतोस. तुझ्यासमोर चुकायचं नाही म्हणून तो माणूस दिवसभर जीव मुठीत धरून काम करतो. घरी येतो तो ओल्या पोत्यासारखा. बूट काढायचंही राहून जातं."

"मग घरी बसव म्हणायचं होतंस."

"त्याला काय सांगू? तुझं डोकं चालत नाही, म्हणून बस? डॉक्टरांकडं जाऊन आल्यावर तीन दिवस जेवला नाही. म्हणाला, वैनोला सांगितलंस तर मी सरोवरात चालत जाईन आणि परत येणार नाही." तिने डोळे पुसले नाहीत, आमच्या घरात ती पद्धत नाही. "म्हणून तो गनचा ठराव केला. म्हटलं, ठरवायचं दादानं. दादाला जन्मात काही पसंत पडलंय? तीन काय, तीस गन आणल्या तरी तू नाकं मुरडणार. तू नापसंत करशील, ईस्टरला दुकान बंद होईल, आणि सुलो म्हणेल, बघा, या वैनोच्या चिकित्सेपायी धंदा गेला. शिव्या तुला देईल, पण ताठ मानेनं घरी बसेल. आणि तू," ती म्हणाली, "तू बरा नेमका या वेळी पसंत करून बसलास!"

मी म्हणालो की ख खरोखर चांगली गन आहे.

"असेल," हिल्मा म्हणाली.

१५ मार्च, बुधवार

बाक सुटे केले. फळ्या काढून खिळे मागून ओढून घ्यायचे, म्हणजे दर्शनी बाजू फाटत नाही. मग त्याच फळ्या खालून खिळे मारून बसवायच्या. पहिलीच फळी हातात घेऊन सुलो डोकी निरखू लागला.

"हे कुठल्या गाढवानं मारले रे? सौनाला? वरून?"

तो चेष्टा करीत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर मला चांगला ठाऊक असलेला, जुना, कारागिराचा संताप होता. मग तो संताप ओसरू लागला आणि त्याच्या डोळ्यांत वेगळे काही येऊ लागले. तो फळीकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून गनकडे पाहू लागला.

"मी मारले," मी म्हणालो.

"तू?"

"मी."

"वैनो मात्तिला?" त्याला इतका आनंद झालेला मी वर्षभरात पाहिला नव्हता. "अरे देवा! पाद्रीबुवांच्या चुका काढतोस आणि बाकाला वरून खिळे मारतोस? कॉर्निश आहेस की काय तू?"

मी चर्चच्या मंडळाचा एकतीस वर्षे लेखनिक आहे. जे घडले नाही ते घडले असे मी कधी लिहिले नाही आणि कधी बोललो नाही. हे वाक्य बोलायला अवघड जाईल असे वाटले होते. गेले नाही.

बाकाखाली मीच शिरलो. मावलो, पण पोट आत ओढून. सुलोने वरून फळ्या दाबून धरल्या आणि प्रत्येक खिळ्याला ओरडला, "बोट काढ! बोट काढ, म्हाताऱ्या!" ख छातीवर ठेवून उत्तम चालते. नोंदीसाठी लिहून ठेवतो.

२० मार्च, सोमवार

तिन्ही नेलगन बोसांकोला परत केल्या. सुलो बरोबर होता.

"एकही पसंत नाही," मी म्हणालो.

"पण ख ठेवतोय म्हणून निरोप दिला होतास ना?"

"मत बदललं."

"‘ख’मध्ये काय वाईट आहे?"

"जड आहे."

"सात पौंड? रविवारी तू खिशात घालून आणतोस ते भजनांचं पुस्तक तेवढं असेल!"

"जड आहे म्हटलं ना."

"सांगितलं नव्हतं मी?" सुलो बोसांकोला म्हणाला. "याला स्वर्गात नेलं तरी दाराची चौकट तिरकी आहे म्हणेल. याच्यापायी ईस्टरला आमचं दुकान बंद. काय करता! मी तर अजून दहा वर्षं केलं असतं."

बोसांकोने माझ्याकडे पाहिले, मग सुलोकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तो कॉर्निश असला तरी मूर्ख नाही. त्याने गन फळीवर ठेवल्या आणि सुलोला विचारले, "खिमा-बटाट्याची पास्टी खाणार का? आत गरम आहे."

२ एप्रिल, रविवार

झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा. कॉफीच्या टेबलाभोवती नेहमीपेक्षा अधिक माणसे होती. सुलो उभा राहिला.

"आमच्या वैनोनं काय केलं ठाऊक आहे का? सौनाच्या बाकाला," येथे तो थांबला, कुठे थांबावे हे त्याला अजून बरोबर कळते, "वरून खिळे मारले! आणि वर स्वतःच बसला!"

टेबल हादरेपर्यंत लोक हसले. एंजेलबाई, ज्यांच्या अहवालातले स्वल्पविराम मी वीस वर्षे हलवत आलो आहे, डोळे पुसत म्हणाल्या, "मात्तिला, खरं का हो हे? की सुलो रचून सांगतोय?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. सुलोही पाहत होता, आणि त्या प्रश्नाने त्याचे हसू जरासे थांबले होते. आपण सांगितले ते तसेच घडले ना, याची त्यालाच खात्री नसावी.

"शब्दशः खरं आहे," मी म्हणालो. "हवे असल्यास पुरावा आहे, पण तो चर्चमध्ये दाखवण्याजोगा नाही."

आणखी हशा झाला. हिल्मा टेबलापलीकडे बसली होती. तिने कप तोंडाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला.

बाहेर आल्यावर गाडीपाशी सुलोने माझा दंड धरला. आवाज उतरवून म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस हं. वय झालं की होतं असं. मी आहे ना."

घरी येऊन ही वही पहिल्या पानापासून वाचली. काही तारखांच्या नोंदी दुरुस्त करणे आवश्यक आहे.

गेल्या वर्षीचा १४ ऑगस्ट. "सुलोच्या गाडीचे टायर फुटल्याने तो तळ्यावरच्या झोपडीवर उशिरा पोहोचला" असे लिहिले होते. टायर फुटले नव्हते. तो वाट चुकला. हिल्माच्या म्हणण्याप्रमाणे विसरण्याचा आरंभ येथून.

३ नोव्हेंबर. "हिल्मा व सुलो खरेदीसाठी मार्केटला गेले" असे लिहिले होते. ते डॉक्टरांकडे गेले होते.

२२ जानेवारी. हिल्माने मनगट दाबले त्याचे कारण संकोच असे लिहिले. चूक.

६ फेब्रुवारी. ‘ख’ची बॅटरी थंडीत पूर्ण उतरते असे लिहिले. चूक, ती चार्जरला लावलेली नव्हती. बोसांकोची क्षमा मागितली नाही, कारण मग कारण सांगावे लागेल.

त्याच दिवशी. श्रीमती आलान्को यांना विनोद उशिरा कळतो असे लिहिले. तो मला उशिरा कळतो.

२० मार्च. ख जड असल्यामुळे परत केली. बोसांकोला सांगितले तसेच राहू द्यावे.

११ मार्च. क्रम सोडून शेवटी लिहीत आहे. बाकाला वरून खिळे मारणारा: वैनो मात्तिला. दुरुस्ती नाही.